एचआर घ्यायचा की सीआर? पत्रा निवडताना, उतरवून घेताना आणि वाकवताना

पत्र्याच्या दुकानात माप सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "एचआर देऊ की सीआर?" (एचआर म्हणजे हॉट रोल्ड, गरम लाटलेला पत्रा; सीआर म्हणजे कोल्ड रोल्ड, थंड लाटलेला.) मग बहुतेक जण भाव विचारतात आणि स्वस्त तो एचआर, चांगला तो सीआर असा हिशोब करून मोकळे होतात. गडबड इथूनच सुरू होते. सीआर पत्रा हा आधी एचआरच असतो. पोलाद शेवटचं लाटलं तेव्हा ते लालभडक होतं की थंड, एवढाच मूळ फरक. पण त्यामुळे पत्र्याची कातडी, जाडीचा नेमकेपणा, वाकण्याची तऱ्हा आणि रंग धरण्याची क्षमता सगळंच बदलतं. म्हणून या पत्र्याचं पुढे काय होणार आहे, हे ठरल्याशिवाय भाव विचारण्यात अर्थ नाही.

लाटताना काय घडतं

एचआरसाठी साधारण २०० ते २५० मिमी जाडीचा स्लॅब, म्हणजे ओतलेल्या पोलादाची जाड लादी, भट्टीत १२०० ते १२५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. रफिंगमध्ये, म्हणजे पहिल्या ढोबळ लाटण्यात, त्याची ३०-४० मिमी जाडीची पट्टी होते, मग ती सहा-सात स्टँडच्या (एक स्टँड म्हणजे रोलांचा एक संच) फिनिशिंग मिलमधून जाते. शेवटच्या रोलमधून बाहेर पडताना पत्रा ८५०-९०० अंशांवर असतो. पुढे वरून-खालून पाणी सोडून तो ५५० ते ७०० अंशांपर्यंत आणतात आणि गुंडाळतात. (रायगड जिल्ह्यात डोलवीला पातळ स्लॅब ओतून तो थेट लाटण्याची पद्धतही आहे, तिथे रफिंगचा बराचसा भाग वाचतो.)

एवढ्या तापमानाला लाटताना चेपलेले कण लगेच नव्याने घडतात, त्यामुळे पोलाद कडक होत नाही आणि थोड्या ताकदीत जाडी झपाट्याने उतरवता येते. याची किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. एक म्हणजे पत्रा निवताना आकसतो, त्यामुळे जाडी केसाएवढी नेमकी ठेवणं अवघड. दुसरी म्हणजे खपली. तापलेलं लोखंड हवेला लागलं की त्यावर ऑक्साइडचा निळसर काळा थर चढतो. मिलमध्ये जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो पुन्हा पुन्हा उडवतात, तरी शेवटच्या रोलनंतर चढलेला थर राहतोच. हीच मिल स्केल. जाडी काही मायक्रॉन, पण एचआरच्या कामातली निम्मी डोकेदुखी तिची.

सीआरसाठी हीच एचआर कॉइल (गुंडाळलेला पत्रा) गरम हायड्रोक्लोरिक आम्लातून धुऊन घेतात आणि तेल लावून थंड अवस्थेत चार-पाच स्टँडमधून ओढतात. जाडी ५० ते ८० टक्क्यांनी उतरते. ३ मिमीचा पत्रा १ मिमीवर येतो तो असा. आता मात्र कण नव्याने घडत नाहीत, नुसते लांबट होतात आणि पत्रा कडक होत जातो. या अवस्थेतल्या मालाला फुल हार्ड म्हणतात. तो दुमडला तर तडकतो. म्हणून कॉइल बंद भट्टीत हायड्रोजन-नायट्रोजनच्या वातावरणात ६५०-७०० अंशांवर ठेवून सावकाश निववतात. सीआरसीए या नावातला 'सीए' म्हणजे क्लोज अॅनिल्ड, ते हे.

सगळ्यात शेवटी स्किन पास: अर्धा ते दीड टक्का एवढंच हलकं लाटणं. हा टप्पा दिसायला किरकोळ आहे. अॅनिल केलेलं मऊ पोलाद ताणलं की एकदम 'सुटतं', म्हणजे जागोजागी अचानक लांबतं, आणि पृष्ठभागावर तिरक्या रेषा उमटतात. स्किन पासने हे सुटणं मोडून निघतं. परिणाम कायमचा नसतो. माल बरेच महिने पडून राहिला की रेषा परत यायला लागतात. उथळ दाबाच्या कव्हरवर, विशेषतः ग्लॉस रंगाखाली, त्या ठळक दिसतात. जुना माल स्वस्तात मिळतोय म्हणून प्रेसच्या कामाला घेऊ नये तो यासाठी. घेतलाच असेल तर आधी लेव्हलरमधून (रोलांमधून पत्रा सपाट करणारं मशिन) काढा आणि लगेच दाबा.

"सीआर मजबूत असतो" हा गैरसमज

फुल हार्ड मजबूत असतो, सीआरसीए नाही. भारतीय मानक आयएस २०६२ च्या ई२५० ग्रेडच्या एचआरला किमान २५० मेगापास्कल यील्ड (ज्या ताणाला पत्रा कायमचा वाकायला लागतो तो) आणि ४१० तन्यबल (तुटण्याआधी पेलता येणारा कमाल ताण) द्यावंच लागतं. सीआरचं मानक आयएस ५१३. त्यातल्या ओढकामाच्या (साच्यात दाबून खोल आकार काढायच्या) ग्रेडना उलट यील्डची वरची मर्यादा असते, २१०-२४०च्या आसपास. पत्रा साच्यात सहज उतरावा म्हणून तो मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. म्हणून २ मिमी एचआरचं वजन पेलणारं ब्रॅकेट 'चांगल्या मालात करू' म्हणून २ मिमी सीआरसीएमध्ये केलं, तर ते आधी वाकेल.

गोल किंवा चौकोनी ब्राइट बारही लोक सीआर म्हणून मागतात. तो लाटलेला नसतो, डायमधून (भोकाच्या साच्यातून) थंड ओढलेला असतो आणि त्याच्या अंगात ताण साठलेला असतो. ब्राइट फ्लॅटच्या एकाच बाजूने मिलिंग केलं की तो केळ्यासारखा वाकतो. दोन्ही बाजूंनी थोडं थोडं काढायचं, नाहीतर अशा कामाला साधा काळा एचआर फ्लॅट घ्यायचा.

कुठल्या कामाला कुठला

आधी जाडी बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. १.६ मिमीच्या खाली बाजारात व्यवहारात सीआरच मिळतो. ३.२ मिमीच्या वर एचआरच. चॅनल, अँगल, बीम हे सगळे गरमच लाटलेले, तिथे निवड नाही. खरा घोळ १.६ ते ३.२ या पट्ट्यात.

इलेक्ट्रिकल पॅनेलचं उदाहरण घ्या. दार आणि साइड कव्हर १.६ मिमी सीआरसीए, कारण रंग डोळ्यासमोर असतो आणि दाराची चार दुमडणी एकमेकांना जुळली नाहीत तर रबर गॅस्केट बसत नाही. खालची बेस फ्रेम ३ मिमी एचआर, कारण तिला भार घ्यायचा आहे. मधली कॉम्पोनंट प्लेट २ किंवा ३ मिमी. इथे बहुतेक जण सवयीने सीआर घेतात, पण एचआरपीओ पुरतो. एचआरपीओ म्हणजे आम्लाने खपली काढून तेल लावलेला एचआर. जाडी कमी-जास्त असण्याची सूट (टॉलरन्स) एचआरचीच, पण कातडी स्वच्छ. कमी लोक मागतात म्हणून लहान दुकानात तो नसतो. रंगवायची ब्रॅकेट, शेतीच्या अवजारांचे पत्रे, मशिनचे गार्ड यांना तो सर्वांत फायद्याचा पडतो.

गेट, जिन्याचे पाय, शेडचे गसेट, ट्रॉलीचा तळ यांना साधा एचआर. कपाट, लॉकर, डक्ट, प्रेसचे सगळे भाग यांना सीआरसीए, आणि ओढ खोल असेल तर ग्रेडही सांगायचा. नुसतं 'सीआरसीए द्या' म्हटलं तर सर्वांत साधा ग्रेड येतो. तो दुमडणीला चालतो, पण वाटीच्या आकाराला तळकोपऱ्यात फाटतो.

भावाचा हिशोब असा करून बघा. २ मिमी, २५०० × १२५० चा पत्रा सुमारे ४९ किलो भरतो. समजा सीआर किलोमागे ६ रुपयांनी महाग आहे, म्हणजे पत्र्यामागे साधारण २९५ रुपये जास्त. आता एचआर घेतला आणि रंगाआधी खपली काढायची ठरवली, तर दोन्ही बाजू मिळून सव्वासहा चौरस मीटर फ्लॅप डिस्कने घासावे लागतात. कारागिराचा निम्मा दिवस, वर डिस्क, वर घासल्याचे ओरखडे. वाचवलेले पैसे तिथेच गेले. शॉट ब्लास्टिंगची पळवाट ३ मिमीच्या खाली वापरू नका. छर्‍यांच्या माऱ्याने पातळ पत्रा फुगतो. उलट खपली काढायचीच नसेल, म्हणजे काम न रंगवता किंवा नुसतं रेडऑक्साइड मारून आत झाकलं जाणार असेल, तर सीआरचे जादा पैसे पाण्यात.

माल उतरवून घेताना

बिलावरचा एचएसएन कोड (जीएसटीसाठी मालाच्या प्रकाराचा क्रमांक) आधी वाचा. ६०० मिमी किंवा त्याहून रुंद साध्या पोलादाचा एचआर ७२०८ खाली येतो, सीआर ७२०९ खाली, गॅल्व्हनाइज्ड किंवा लेपित ७२१० खाली. ६०० पेक्षा अरुंद पट्टीला दोन्हीसाठी ७२११, तिथे ही खूण कामाला येत नाही. सीआरच्या भावाच्या बिलावर ७२०८ दिसला तर गाडी रिकामी करण्याआधी विचारा. मिलचं टेस्ट सर्टिफिकेट मागा आणि त्यावरचा कॉइल नंबर बंडलच्या स्टिकरशी जुळवा. न जुळणारं सर्टिफिकेट म्हणजे दुसऱ्याच मालाचा कागद.

मग वजन. सूत्र सोपं आहे: जाडी मिमीमध्ये × क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये × ७.८५ = किलो. २५०० × १२५० म्हणजे ३.१२५ चौरस मीटर, म्हणजे दर मिलिमीटर जाडीला २४.५३ किलो. १.६ मिमीचा पत्रा ३९.२५ किलो भरायला हवा. काट्यावर ३६.८ आला तर भागाकार सांगतो: तुमच्या हातात १.५ मिमीचा पत्रा आहे. किलोवर विकत घेतलं म्हणून नुकसान नाही असं वाटतं, पण ताठपणा जाडीच्या घनावर चालतो. १.६ चा १.५ झाला की सपाट पत्र्याचा ताठपणा जवळजवळ १८ टक्क्यांनी उतरतो. मोठ्या दाराचा मधला भाग थापटल्यावर 'टक टक' वाजायला लागतो तो यामुळे.

यात फसवणूकच असते असं नाही, गेजचा, म्हणजे जाडी क्रमांकात सांगण्याच्या जुन्या पद्धतीचा, घोटाळाही असतो. ब्रिटिश तक्त्यात १६ गेज १.६३ मिमी, अमेरिकी तक्त्यात १.५२ मिमी. ऑर्डर गेजमध्ये देऊच नका. मिलिमीटरमध्ये लिहून द्या.

मायक्रोमीटर लावताना कडेपासून किमान ४० मिमी आत घ्या. शिअरने कापलेल्या कडेला बर (कापताना निघालेली धारदार कोर) उभी असते, व्हर्नियरचे जबडे तिच्यावर बसले की पत्रा खोटाच जाड दिसतो. तेल आणि खपलीचा कण पुसून काढा. दोन्ही कडांजवळ आणि मध्ये अशी तीन मापं घ्या. चपातीचं उलट-सुलट लाटून कडा-मध्य सारखं करता येतं, मिलचे रोल मात्र दाबाखाली किंचित वाकतात, म्हणून एचआर पत्रा मधोमध कडांपेक्षा ०.०३ ते ०.०६ मिमीने जाड भरतो. तो दोष नाही. २ मिमी एचआरला रुंदीनुसार ±०.१५ ते ०.२० ची सूट असते. सीआरला तिच्यापेक्षा कमी.

एचआरपीओ सीआर म्हणून गळ्यात मारणं हा जुना प्रकार, आणि १.६ ते २.५ मिमीमध्येच तो चालतो. पत्रा उजेडाला तिरका धरून हातातल्या कापडाने तेल पुसा. सीआरची कातडी एकसारखी बारीक मॅट दिसते, चमक सगळीकडे सारखी. एचआरपीओवर फिकट ढगाळ डाग आणि थोडा रवाळपणा राहतो, कुठे कुठे आम्लाने न निघालेल्या खपलीचा काळा बिंदूही सापडतो.

फुल हार्ड ओळखायला पट्टी दुमडून बघण्याला पर्याय नाही. ३० मिमी रुंदीच्या दोन पट्ट्या कापा, एक लाटण्याच्या दिशेत, एक आडवी. व्हाइसमध्ये धरून वाकवा आणि हातोडीने पूर्ण चपटी दुमडा. सीआरसीए दुमडीच्या पाठीवर फुटत नाही. फुल हार्ड आधी स्प्रिंगसारखा परत येतो आणि मग कडकन जातो. आयएस २०६२ च्या एचआरला ही चपटी दुमड लावू नका, तो तिच्यासाठी नाहीच. त्याची परीक्षा आत जाडीच्या दुप्पट व्यासाचा गोल ठेवून घेतात.

वाकवणं

प्रेस ब्रेकवर (पत्रा दाबून वाकवायच्या मशिनवर) व्हीचं, म्हणजे खालच्या साच्यातल्या व्ही आकाराच्या खाचेचं, तोंड जाडीच्या आठपट, हा नियम दोन्हीला चालतो. २ मिमीला १६ चा व्ही. आतली त्रिज्या व्हीच्या सुमारे १६ टक्के येते, म्हणजे २.६ मिमी, पंच (वरून दाबणारं हत्यार) कितीही टोकदार असला तरी. ४०० मेगापास्कल तन्यबल धरलं तर मीटरला साधारण साडेचौदा टन लागतात. ई२५० थोडं जास्त मागतो आणि दाब सुटल्यावर परतही जास्त येतो.

एचआरचा खरा त्रास कोन हलण्याचा. एअर बेंडिंगमध्ये (पत्रा व्हीच्या तळाला न टेकवता वाकवण्यात) पंचाची खोली तीच ठेवली आणि पत्रा ०.१५ मिमीने जाड निघाला, तर १६ च्या व्हीवर कोन अंशभराने बंद होतो. एका बंडलमधला पहिला तुकडा ९० अंश, दहावा ८९. चार दुमडींच्या डब्यात हे साठत जातं आणि शेवटचा कोपरा वेल्डिंगच्या आधीच उघडा दिसतो. म्हणून एचआरच्या प्रत्येक नव्या पत्र्यावर पहिला तुकडा गोनिओमीटरने (कोनमापकाने) बघायचा. सीआरमध्ये बंडल बदलल्यावर पाहिलं तरी भागतं.

दुमडीची वजावट (दुमडताना पत्रा लांबतो म्हणून कापताना कमी धरायची लांबी) तक्त्यातून उचलू नका, पट्टी करून काढा. बरोबर १०० मिमीची पट्टी कापा, मध्ये ९० अंशात वाकवा, दोन्ही पायांची बाहेरची मापं घ्या आणि बेरीज करा. बेरीज १०३.७ आली तर त्या पत्र्याला, त्या व्हीवर, दुमडीमागे ३.७ मिमी वजा. एचआर आणि सीआरसाठी वेगळी पट्टी, आणि दोन्ही आकडे मशिनच्या दारावर मार्करने लिहून ठेवा.

दुमडरेष शक्यतो लाटण्याच्या दिशेला आडवी ठेवा. दिशेला समांतर दुमडलं की तडे लवकर जातात, जाड एचआरला तर नक्कीच. बर नेहमी दुमडीच्या आतल्या अंगाला. बाहेर राहिली तर ताणली जाणारी कड तिथूनच फाटते. एचआर वाकवताना खपलीची पूड व्हीच्या खाचेत साचते आणि पुढच्या सीआरच्या दारावर रेघा ओढते. वीस-पंचवीस तुकड्यांमागे खाच पुसा, आणि शक्य असेल तर दिवसाचं सीआरचं काम एचआरच्या आधी उरका.

जोडणं आणि रंग

एमआयजी वेल्डिंग करताना एचआरला जोडाच्या दोन्ही बाजूंना १५-२० मिमी खपली घासून काढा, नाहीतर छिद्रं आणि ठिणग्यांचे खडे येतात. सीआरला घासायचं नाही, पण तेल थिनरने पुसायचं. तेलानेही छिद्रंच येतात. स्पॉट वेल्डिंग खपलीवर करू नका. खपली वीज नीट जाऊ देत नाही. एक ठिपका धरतो, शेजारचा नुसता जळतो.

पावडर कोटिंगची तक्रार आली की निघालेली पापडी फेकू नका, उलटी करून बघा. रंगाच्या पाठीला चकचकीत करडा-काळा थर चिकटलेला असेल तर रंगाचा दोष नाही. रंग खपलीला घट्ट चिकटला आणि खपली लोखंडापासून सुटली. दुमडीवर आणि कोपऱ्यावर ती आधी सुटते, कारण वाकवताना पत्रा ताणला जातो, खपली ताणली जात नाही. त्या भेगेतून पाणी शिरलं की उघडं लोखंड खपलीच्या शेजारी आणखी जोरात गंजतं. ऑक्सिजन वापरून लेझरने कापलेल्या कडेवरही असाच ऑक्साइड असतो. कड घासा किंवा नायट्रोजनने कापून घ्या.

रंगाआधी भाग धुण्याच्या सात टाक्यांच्या प्रक्रियेत एक चूक नेहमी दिसते: एचआर आणि सीआरचे भाग एकाच टोपलीत. सीआरचा हलका गंज निघायला लागणारा वेळ एचआरच्या खपलीला पुरत नाही. खपली निघेपर्यंत ठेवलं तर सीआर खरबरीत होतो. टोपल्या वेगळ्या करा. आम्लानंतरच्या धुण्यात भागावर पाण्याचा सलग पडदा राहायला हवा. पाणी थेंबाथेंबाने तुटत असेल तर तेल उरलंय, रंगाला पकड देणारा फॉस्फेटचा थर तिथे बसणार नाही. भाजून निवल्यावर ६०-८० मायक्रॉनच्या थराला २ मिमी अंतराने उभ्या-आडव्या चिरा मारून टेप ओढा, आणि ही चाचणी सपाट जागी न करता दुमडीजवळ करा.

पावसाळ्यात

कोकणपट्टीत आणि घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर सीआर जास्त दिवस साठवू नका. त्याच्यावर खपलीचं आवरण नाही, नुसतं तेल आहे. बंडल जमिनीपासून १५० मिमी वर लाकडी ओंडक्यांवर, भिंतीपासून सुटं, वरून झाकलेलं पण बाजूने मोकळं. प्लॅस्टिकने गच्च गुंडाळलं तर आतल्या दमटपणाला बाहेर पडायला वाट राहत नाही. दोन पत्र्यांच्या फटीत शिरलेलं पाणी आपोआप निघत नाही. आठवड्याने बंडल उघडलं की नकाशासारखे तपकिरी डाग दिसतात आणि आम्लानेही त्यांची सावली जात नाही. हातमोज्याशिवाय उचललेल्या पत्र्यावर बोटांचे ठसे गंजून उमटतात, तेही तसेच.

कुठलाही माल वापरायला घेतला की त्यातली हातभर लांबीची पट्टी कॉइल नंबरचा स्टिकर लावून आणि लाटण्याच्या दिशेचा बाण काढून ठेवून द्या. पुढे पत्रा फुटला किंवा रंग सुटला, तर पुरवठादारासमोर हीच पट्टी दुमडून दाखवता येते.